शनिवारचे शेवटचे दोन तास

संध्याकाळी गराडूच्या गाड्या लागल्या की इंदुरात थंडी आली असं आम्ही धरतो. कॅलेंडर काहीही म्हणो. कंदाचे पांढरे तुकडे दुसऱ्यांदा तेलात पडतात, वरून जीरावनचा तिखट-आंबट मसाला आणि लिंबू, आणि कागदावरून वाफ नाकात शिरली की मला आमच्या प्राथमिक शाळेत बसायला असायची ती तागाची टाटपट्टी आठवते. या दोन गोष्टींचा संबंध एवढाच की शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी एक गराडूवाला बसायचा. तो वास चौथीच्या वर्गापर्यंत यायचा आणि बाईंसकट सगळ्यांचं लक्ष उडायचं.

परवा त्याच वासाच्या सुमाराला माझी मुलगी मनू स्टेशनरीच्या दुकानातून एक छापील तक्ता घेऊन आली. जगातले धर्म. सहा चौकोन, सहा चित्रं, प्रत्येक चित्राखाली एक ओळ. कात्रीनं कापायचं, वहीत चिकटवायचं. तिला वीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण कुकरच्या शिट्ट्यांवरून सांगते.

"मम्मी, हो गया. आता साइन कर दे ना."

"काय समजलं त्यातून?"

"सब लिखा है ना त्यात. ग्रंथ, जगह, त्योहार. टीचरने एवढंच सांगितलंय."

मी सही केली. वही नीट होती, कडा सरळ कापलेल्या. माझ्यासारख्या काटेकोर बाईला त्यात खोट काढता येईना. तरी ती वही मी टेबलावर बराच वेळ उघडी ठेवली. सहा धर्म, सहा ओळी, आणि घर एकाचंही नाही.

मी चौथीत होते तेव्हा आमच्या राज्याचं नाव मध्यभारत होतं, आणि त्याला राजधान्या दोन. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. आजच्या मुलांना हे सांगितलं तर हसतात. पण आमच्या घरात ते ऋतुचक्रच होतं. आंबे, मग पाऊस, मग दसरा, मग अण्णांचं दफ्तर ग्वाल्हेरला जाणं. अण्णा म्हणजे माझे वडील, सचिवालयात कारकून. जायच्या आधी फायली लाल कापडात बांधून त्यांचे बस्ते करत, बस्त्यांवर नंबर घालत आणि पेट्या रेल्वेनं जात. अण्णाही पेट्यांबरोबर जात. त्यांची थंडी तिकडे सरायची आणि आमची इकडे. वर्गातली तीन-चार मुलंही त्या दिवसांत कमी व्हायची, कारण काही कारकून बायकापोरांना घेऊन जात. आमच्या हजेरीपटावरून राजधानी कुठे आहे ते ओळखता यायचं.

जाण्यापूर्वी अण्णा मला बस्ते बांधताना शेजारी बसवत. मी नंबर वाचायचे, ते यादीत खूण करत. त्यांचं एक वाक्य माझ्या अंगात मुरलं आहे. "एक कागद, एकच बस्ता. एक कागद दोन बस्त्यांत गेला की तो हरवला असं समज." मी नऊ वर्षांची होते. मला ते ब्रह्मवाक्य वाटलं. पुढे नोकरीतही ते मला उपयोगी पडलं, नाही म्हणत नाही.

आमची शाळा हिंदी होती, बाई मराठी. टेंबे बाई. मराठी मुलं त्यांना बाई म्हणत, बाकीची बहनजी, आणि त्या दोन्हींना ओ देत. ठेंगण्या, अंगावर कायम एक तपकिरी शाल, आवाज मात्र मिलच्या भोंग्याला उत्तर देईल असा. वेळापत्रकात शनिवारच्या शेवटच्या दोन तासांपुढे 'सदाचार' लिहिलेलं होतं. इतर वर्गांत त्या तासाला पाढे घेत, नाहीतर अंगण झाडून घेत. टेंबे बाईंनी त्या तासांत धर्म शिकवायला घेतले.

शिकवायला घेतले हे बरोबर नाही. त्यांनी आम्हाला विचारायला घेतलं. नियम एकच, फळ्यावर लिहिलेला: अपने घर का बताओ, दूसरे के घर का पूछो. दुसऱ्याच्या घराबद्दल आपण सांगायचं नाही. त्यानं सांगितलेलं वहीत लिहायचं, लिहिलेलं त्यालाच वाचून दाखवायचं, आणि त्यानं मान हलवली तरच ते पक्कं. मान हलली नाही तर खोडून पुन्हा. त्या हिवाळ्यात आमची खोडरबरं किती झिजली असतील!

दर शनिवारी एका मुलाची पाळी. वर्ग दक्षिणेकडच्या व्हरांड्यात भरायचा, कारण आत हात गारठायचे. उन्हाचा पट्टा सरकेल तशी आम्ही टाटपट्टी सरकवायचो. सकीना बोहरा होती, सियागंजात तिच्या आजोबांचं दुकान. ती म्हणाली, "हम सब एक ही थाल में बैठके खाते हैं. सबसे पहले नमक चखते हैं."

"क्यों?" छत्तीस आवाज.

"पता नहीं. दादाजी से पूछके बताऊँगी."

मी हात वर केला. आमच्यातही पान वाढताना पहिलं मीठच वाढतात. बाई म्हणाल्या, "क्यों?" मला सांगता येईना. मी घरी आईला विचारलं. आई म्हणाली, "वाढतात म्हणून वाढतात. नसते प्रश्न घेऊन येऊ नकोस शाळेतून." पुढच्या शनिवारी सकीना आणि मी, दोघी उभ्या राहून म्हणालो, पता नहीं. बाईंनी तेही वहीत लिहून घेतलं आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघून गंभीरपणे माना हलवल्या.

जैन घरातला पारस सूर्य बुडायच्या आत जेवायचा. थंडीत सूर्य लवकर बुडतो, म्हणून पाचच्या सुमाराला तो खेळ अर्धा टाकून पळायचा. तो का पळतो हे त्या शनिवारपर्यंत मला ठाऊक नव्हतं. मला वाटे, हरत आला की जातो. जॉर्ज एकटा ख्रिस्ती होता, त्याचे वडील महूच्या लाइनवर रेल्वेत. त्यानं सांगितलं की प्रार्थनेला बाकांवर बसतात, बूट काढत नाहीत. वर्गात खळबळ. "जूते पहनके? भगवान के सामने?" जॉर्जचा चेहरा पडला. बाई उठल्या. "पूछो. बोलो मत." मग एकानं नीट विचारलं, "भाई, जूते क्यों नहीं उतारते?" जॉर्ज विचार करून म्हणाला, "उधर ठंड बहुत है." कुठे उधर, ते त्यालाही माहीत नव्हतं. पण त्या थंडीत ते उत्तर आम्हा सगळ्यांना पटलं.

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात बाईंनी तीन शब्द लिहून ठेवले होते: पारसी, यहूदी, बौद्ध. "इनके बच्चे हमारी कक्षा में नहीं हैं. कोई मिले तो पूछेंगे." पुस्तकातून दोन ओळी वाचून दाखवणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी वाचल्या नाहीत. रोज फळा पुसताना तेवढा कोपरा सोडायचा, असा मॉनिटरला हुकूम होता.

आज वाटतं, बाईंना स्वतःला तरी यातलं किती माहीत होतं? बहुधा आमच्याइतकंच. नवं राज्य, नवा देश, शहरात रोज नवी माणसं. पोरांना एकमेकांशेजारी बसवायचं तर बसवायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी आपल्या मनानं एक रीत काढली. त्या रीतीला मीच तडा दिला.

माझ्या शेजारी ईश्वरी बसायची. सिंधी, निर्वासितांच्या कॅम्पात राहणारी. घरी आजी, जिला ती अम्मा म्हणे, आणि वडील. आईबद्दल ती बोलत नसे. तिच्या वेण्या इतक्या घट्ट असत की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत, त्यामुळे ती कायम आश्चर्यात असल्यासारखी वाटे. माझी पेन्सिल ती दातांनी टोक काढून द्यायची. मी तिची बेरीज तपासायचे. तिची पाळी आली की ती म्हणे, "बहनजी, अगले शनिवार." बाई म्हणत, "जब मन हो." असे चार शनिवार गेले.

जानेवारीत हेडमास्तरांनी फर्मान काढलं की इन्स्पेक्टर साहेब येणार, प्रत्येक वर्गानं भिंतीवर काहीतरी लावायचं. टेंबे बाईंनी आमच्या शनिवारांचा तक्ता करायचं ठरवलं आणि अक्षर चांगलं म्हणून काम माझ्याकडे दिलं. वर्ग मला मुनीमजी म्हणायचाच. "ऐ मुनीमजी, मेरा नाम बड़ा लिखना, भिया!" मी ओटल्यावर उन्हात ड्रॉइंग शीट पसरून लाल शाईनं रकाने आखले. धर्म, ग्रंथ, प्रार्थनेची जागा, सण, मुलांची नावं, संख्या. खाली, एकूण. मुलं सदतीस. हिंदू चोवीस, जैन पाच, मुसलमान चार, शीख दोन, ख्रिस्ती एक. छत्तीस.

राहिली ईश्वरी.

मी तिला विचारलं होतं, हे खरं आहे. टाटपट्टी गुंडाळता गुंडाळता विचारलं होतं, "तेरे घर में किताब कौन-सी है?" ती म्हणाली, "गुरु ग्रंथ साहिब." बस्स. एक कागद, एकच बस्ता. मी शीख रकान्यात तिचं नाव लिहिलं, दोनाचे तीन केले, खाली सदतीस लिहिलं आणि दोन रेघा ओढल्या. बेरीज जुळली की मला आजही पोटात ऊब वाटते. त्या दिवशी फार वाटली.

गुरुवारी तक्ता भिंतीवर लागला. ईश्वरीनं बोट फिरवत आपलं नाव शोधलं. मागून दोन पोरं ओरडली, "अरे, ये तो सरदारनी निकली! इतने दिन छुपाया!" आमच्या वर्गातला हरबंस, जो खरोखर शीख होता, तो बिचारा म्हणाला, "निकली तो क्या हुआ बे?" पण हशा थांबला नाही. ईश्वरी माझ्याकडे वळली.

"मुझसे पूछा था तूने?"

"किताब तो तूने ही बताई थी."

"किताब बताई थी. घर कहाँ बताया था?"

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही. कॅम्पातली एक मुलगी दुसरीत होती, ती सांगत आली: "उसकी अम्मा बोली, अब इस स्कूल में नहीं भेजना. नाम कटवा देंगे." आणि माझ्या पोटातली ऊब गेली ती गेलीच. हजेरीपटावरून नाव जाणं म्हणजे काय ते मला पक्कं माहीत होतं. ग्वाल्हेरला गेलेल्यांची नावं उन्हाळ्यात परत लिहिली जात. कापलेली नावं परत येत नसत.

त्या शनिवारी शेवटच्या दोन तासांत बाईंनी मला तक्त्यापाशी उभं केलं. रागावल्या नाहीत. मराठीत बोलल्या, म्हणजे वर्गासाठी नाही, माझ्यासाठी.

"ईश्वरीनं मान हलवली होती?"

"बाई, बेरीज..."

"बेरजेचं नाही विचारलं."

"नाही हलवली."

"बरं. आणि हे चोवीस? यांना विचारलंस?"

मी गोंधळले. "ते तर आपलेच आहेत ना बाई. त्यांना काय विचारायचं?"

बाईंनी शाल घट्ट केली. मला जैनांना विचारायचं सुचलं, सकीनाला, जॉर्जला, हरबंसला सुचलं. चोवीस जणांना, त्यात मीही आले, मी एका रेघेनं बांधून टाकलं होतं. त्यातल्या एकाच्या घरी मांसाचं जेवण होई, एकाच्या घरी कांदा चालत नसे. एकाचे वडील देवच मानत नसत. मला हे सगळं ठाऊक होतं. तक्त्यात लिहायला जागा नव्हती, कारण रकाने मीच आखले होते.

बाईंनी तक्ता काढला, गुंडाळी केली. तेवढ्यात हेडमास्तर दारात. "टेंबे बाई, सोमवार को इन्स्पेक्टर साब आ रहे हैं और आप दीवार ख़ाली कर रही हैं?"

"दीवार ख़ाली चलेगी, सर. ग़लत नहीं चलेगी."

"आपको नौकरी करनी है कि नहीं?"

"करनी है, इसीलिए," बाई म्हणाल्या आणि घंटा झाली.

इन्स्पेक्टर आले तेव्हा भिंत रिकामीच होती हे इथंच सांगून टाकते. त्यांनी तेराचा पाढा म्हणून घेतला, पाण्याचा माठ उघडून बघितला आणि गेले. पुढे फेब्रुवारीत नवा तक्ता लागला. त्यात माणसागणिक एक ओळ होती, 'एकूण' नव्हतं. तो कसा दिसत होता ते मला आता नीट आठवत नाही. काही वर्षांत राज्यच विरलं, राजधानी भोपाळला गेली. त्या शाळेच्या जागी आता दुकानं आहेत. आठवतो तो रविवार, पहिला तक्ता उतरवला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

बाई मला घ्यायला घरी आल्या. आई म्हणाली, "कॅम्पात? बाई, तिथं काही खायला देतील, हिला नको म्हणायला सांगा हं." बाई म्हणाल्या, "देतील तर." आणि निघाल्या. वाटेत पिंजारी गाद्यांचा कापूस पिंजत बसला होता, त्याच्या धनुकलीचा टंकार पुष्कळ लांबपर्यंत ऐकू येत होता. कॅम्प म्हणजे बराकींच्या रांगा. प्रत्येक बराकीला गोणपाटाचे पडदे टाकून खोल्या केलेल्या. बाई एका रांगेशी थांबल्या. "मी इथे उन्हात उभी आहे. चूक तुझी, जा."

मी पडदा सारला. ईश्वरी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. अम्मा चुलीपाशी होत्या, सुरकुतलेल्या, पांढऱ्या सलवार-ओढणीत. माझ्या हातातली वही बघून त्यांचा चेहरा बदलला. "फिर काग़ज़ लाई है? उधर सिंध में भी पहले नाम लिखने वाले ही आए थे."

मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. मी वही पाठीमागे धरली.

"ईश्वरी," मी म्हटलं, "मैंने ग़लत लिखा. बिना पूछे लिखा. अब पूछने आई हूँ."

"अब पूछ रही है," ती तांदळाला म्हणाली.

मी उभीच. ती एकेक खडा उचलून बाजूला टाकत होती. मी सात मोजले. आठव्यानंतर तिनं ताट खाली ठेवलं, उठली आणि कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे बोट केलं. ट्रंकेवर स्वच्छ रुमाल, त्यावर कापडात गुंडाळलेला ग्रंथ. "ये बाबा सुबह पढ़ते हैं." वर भिंतीवर एक तसबीर, माशावर बसलेले पांढऱ्या दाढीचे देव. "ये झूलेलाल. इनके लिए दीया पानी में छोड़ते हैं."

"यहाँ कौन-से पानी में?"

"खान नदी में. छोटी है, पर पानी तो है."

मग ती थांबली, अम्मांकडे बघितलं. अम्मांनी मनगट पुढे केलं. त्यावर एक विटलेला हिरवा धागा. "ये हमारे गाँव के पीर का. जुमेरात को, गुरुवार को, अम्मा उस तरफ़ मुँह करके बैठती है."

"और तुम लोग?" मी विचारलं.

"हम हिंदू हैं," ईश्वरी म्हणाली, इतक्या सहज की मी माझ्याबद्दल तेवढ्या सहज म्हणाले नसते.

"पर ये सब..."

"ये सब हमारे घर का है. तूने घर का पूछा ना?"

अम्मांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला आणि भाजलेला पापड ठेवला. त्यांच्याकडे आल्यागेल्याला आधी पापड-पाणी देतात, हे ईश्वरीनं नंतर सांगितलं. आईचे शब्द आठवले. मी पापड मोडला आणि खाल्ला. मिरीचा होता. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरीनं आलं असं सगळे धरून चालले ते बरं झालं.

मग मी जमिनीवर बसून वही उघडली. अम्मांना विचारलं, "लिखूँ?" त्या म्हणाल्या, "ये बोले तो लिख." ईश्वरी शेजारी टेकली. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"दीया मिट्टी का नहीं. आटे का."

खोडलं. पुन्हा वाचलं.

"बाबा रोज़ नहीं पढ़ते. जिस दिन मिल की पाली सुबह की हो, उस दिन अम्मा हाथ जोड़ लेती है, बस."

खोडलं. कागद त्या जागी पातळ झाला. पुन्हा वाचलं. ईश्वरी भुवया वर करून ऐकत होती, म्हणजे तिच्या त्या नेहमीसारख्याच होत्या.

"ठीक है?"

"आधा ठीक है."

"आधा? बाक़ी क्या है?"

"बाक़ी बहुत है. माँ का है. वो मैं यहाँ नहीं बताऊँगी." तिनं अम्मांच्या पाठीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "मेरी जगह पर किसी को बिठाया?"

"नहीं."

"बिठाना मत."

अम्मांनी पाठ न वळवता एक पापड भाजला आणि माझ्या हातात दिला. "बाहर तेरी मास्टरनी धूप में खड़ी है. उसको दे."

मी बाहेर आले. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, ऊन सरकलं होतं आणि त्या त्याच्याबरोबर चार पावलं सरकल्या होत्या. त्यांनी पापड घेतला, अर्धा मला दिला. रांग संपेपर्यंत आम्ही खात चाललो. मग मला राहवेना.

"बाई," मी म्हटलं, "उद्या ती येणार आहे."